ऑन्टॅरिओत घरगुती फराळाचा व्यवसाय: नाव नोंदवण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रॅम्प्टनमध्ये भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहणारं जोडपं. नवरा एकाच कंपनीपुरत्या वर्क परमिटवर, बायको ओपन वर्क परमिटवर. गेल्या दिवाळीला ताईंनी ओळखीच्यांना चकल्या, चिवडा, लाडू करून दिले. त्यावरून मागणी वाढली, आता लोक पुरणपोळी आणि श्रीखंडही विचारू लागलेत. त्यांना ‘अन्नपूर्णा होम किचन’ या नावाने हे सगळं रीतसर करायचंय. ताई विचारतात: प्रांत सरकारकडे नोंदणी कशी करायची, ६० डॉलर भरले की झालं का, एचएसटी (विक्रीकर) नंबर लगेच घ्यायचा का, की सरळ कंपनीच काढायची?

मी मिसिसागात लहान व्यावसायिकांचे हिशेब, कर आणि नोंदणीची कामं बघते. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायका माझ्याकडे बऱ्याच येतात आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो. ताई, नोंदणी अवघड नाही. ऑक्टोबर २०२१ पासून ऑन्टॅरिओ बिझनेस रजिस्ट्री पूर्ण ऑनलाइन आहे. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाचं नाव तिथे ६० डॉलरमध्ये नोंदवता येतं, ते ५ वर्षं चालतं आणि कागदपत्रं ईमेलवर येतात. कागद हाताशी असतील तर चहा पितापिता होण्यासारखं काम आहे.

अडचण ही आहे की प्रांताची रजिस्ट्री तुम्हाला जवळजवळ काहीच विचारत नाही. तुमचं परमिट काय म्हणतं, स्वयंपाकघर कसं आहे, तुम्ही शंकरपाळे विकताय की श्रीखंड, घरमालकाला माहीत आहे का, यातलं काहीही नाही. या नावामागे कोण माणूस आहे हे लोकांना कळावं, एवढ्यासाठीच ती नोंद असते. ती परवानगी नव्हे. पण दाखला हातात आला की माणसाला वाटतं सरकारने हो म्हटलं, आणि लोक त्या भरवशावर डबे, स्टिकर, व्हिजिटिंग कार्ड सगळं छापून मोकळे होतात. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना नोंदणी शेवटी करायला लावते. त्याआधी तीन गोष्टींची उत्तरं मिळवायची: व्यवसाय कोणाच्या नावावर, विकायचं नेमकं काय, आणि ते शिजणार कुठे.

पहिली गोष्ट, कोणाच्या नावावर. तुमचं परमिट खरोखर ओपन असेल, म्हणजे त्यावर कुठल्या एका मालकाचं नाव नसेल, तर स्वतःचा व्यवसाय करायला साधारणपणे आडकाठी नसते. तरीही परमिटच्या कागदावर खाली छापलेल्या अटी एकदा नीट वाचा. यजमानांचं मात्र वेगळं आहे. त्यांचं परमिट एका कंपनीपुरतं आहे, त्यामुळे दुसऱ्या व्यवसायात काम करायची त्यांना मुभा नाही. मालकीत हिस्सा असणं एक आणि तिथे काम करणं दुसरं, हे कायद्याने वेगळं असलं तरी नोंदणीत भागीदार म्हणून नाव असलेला माणूस शनिवारी डबे पोचवताना दिसला तर समजावत बसावं लागतं. तेव्हा इमिग्रेशनच्या परवानाधारक सल्लागाराला किंवा वकिलाला विचारल्याशिवाय त्यांचं नाव भागीदार म्हणून घालू नका. व्यवसाय तुमच्या एकटीच्या नावावर असू द्या.

इथेच आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार उशिरा कळते. पुढे कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमधून, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवावर, पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज तुम्ही स्वतः मुख्य अर्जदार म्हणून करणार असाल, तर स्वतःच्या व्यवसायात कॅनडात केलेलं काम त्या अनुभवात धरत नाहीत. व्यवसाय करू नका असं मी म्हणत नाही. पण वर्षभर चकल्या तळून अनुभव जमला असं कोणी गृहीत धरू नये. अर्ज यजमानांच्या नोकरीवर होणार असेल तर चित्र वेगळं. हे तुमच्या घरच्या आखणीवर अवलंबून आहे, आणि ते आधी दोघांनी बसून ठरवा.

दुसरी गोष्ट, काय विकायचं. तुमच्या प्रश्नातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय.

ऑन्टॅरिओत खाद्यपदार्थ करून विकण्याच्या जागांना फूड प्रिमायसेसचा नियम लागू होतो, घराचं स्वयंपाकघरसुद्धा त्यात आलं. १ जानेवारी २०२० पासून घरून कमी जोखमीचे पदार्थ करणाऱ्यांना त्यातल्या काही अटींमधून सूट आहे. हात धुण्यासाठी वेगळं बेसिन, हॉटेलसारखी भांडी धुण्याची सोय आणि फूड हँडलरचं प्रमाणपत्र, या त्यातल्या मुख्य. पण सूट म्हणजे नियम संपले असं नव्हे. काम सुरू करण्याआधी तुमच्या भागाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवावंच लागतं. ब्रॅम्प्टन, मिसिसागा आणि कॅलेडनसाठी तो म्हणजे पील पब्लिक हेल्थ. त्यांचे इन्स्पेक्टर घरी येऊन पाहणी करू शकतात.

कमी जोखमीचं काय, याची उदाहरणं प्रांताने दिली आहेत: ब्रेड, बेकरीचे पदार्थ, जॅम, लोणची, सुका मेवा, चॉकलेट, चहापत्ती वगैरे. त्यात चकली नाही, अनारसेही नाहीत. म्हणून आपल्या पदार्थांच्या बाबतीत इन्स्पेक्टरला नीट सांगणं महत्त्वाचं. ‘इंडियन स्नॅक्स अँड स्वीट्स’ असं लिहून पाठवलंत तर त्यात समोशापासून रसमलाईपर्यंत सगळं येतं, आणि समोरचा माणूस सावध उत्तर देतो. त्याऐवजी प्रत्येक पदार्थाची एक ओळ लिहा. चकलीसाठी समजा असं: तांदूळ आणि डाळींचं भाजून दळलेलं पीठ, मसाले, तेलात तळून पूर्ण कोरडी, दूध-अंडी नाही, खोलीच्या तापमानाला हवाबंद डब्यात टिकते. इन्स्पेक्टरला पदार्थाचं नाव कळलं नाही तरी चालतं. त्यात ओलावा किती, दूध किंवा मांस आहे का, फ्रिजशिवाय तो सुरक्षित राहतो का, हे त्याला हवं असतं.

या कसोटीवर तुमची यादी लावून बघा. चकली, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू हे कोरडे पदार्थ, त्यांना हो मिळण्याची शक्यता चांगली. करंजीत प्रश्न सारणाचा: सुक्या खोबऱ्याची वेगळी, ओल्या नारळाची वेगळी, खव्याची तर आणखीच वेगळी. तीनही तुम्ही ‘करंजी’ म्हणूनच विकणार असाल तर आधीच ठरवा कुठली. पुरणपोळीत शिजवलेली डाळ आणि गूळ, आतून ओलसर. ती कमी जोखमीत बसते असं मी तुम्हाला सांगणार नाही, इन्स्पेक्टरकडून लेखी घ्या. आणि श्रीखंड सध्या सरळ बाजूला ठेवा. दुधाचा पदार्थ, ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावा लागणारा, वाटेत गाडीत गरम होणारा. त्याला घरगुती सूट लागू होत नाही.

मग श्रीखंड-पुरणपोळी करायचीच नाही का? करता येते, पण दुसऱ्या जागेतून. तासांवर भाड्याने मिळणारी, आरोग्य विभागाच्या तपासणीतली व्यावसायिक स्वयंपाकघरं या भागात आहेत. दोन-तीन जणी मिळून होळीच्या आधी एखादा दिवस घेतात, पुरण घरी न शिजवता तिथेच शिजवतात. त्यासाठी फूड हँडलरचं प्रमाणपत्र लागेल. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष फक्त कोरड्या फराळावर काढा आणि प्रमाणपत्र मात्र आत्ताच घेऊन ठेवा. घरच्या कोरड्या फराळाला सक्तीचं नसलं तरी ते असलं की इन्स्पेक्टरशी बोलणंही सोपं जातं आणि गिऱ्हाइकालाही विश्वास वाटतो.

लेबलकडे दुर्लक्ष करू नका. कॅनडात ज्या अॅलर्जी मुख्य मानल्या जातात त्यांत शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, तीळ, गहू, दूध यांच्याबरोबर मोहरीही आहे. म्हणजे चिवड्याच्या फोडणीतली मोहरी लिहायची. आणि हिंग! बाजारात मिळणाऱ्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. चकलीच्या भाजणीत गहू नाही म्हणून ‘ग्लूटेन फ्री’ लिहिणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचल्यावर त्यांना ती पाकिटं परत घ्यावी लागली आहेत. कोणाच्या तरी पोराच्या जिवाचा प्रश्न असतो, त्यामुळे इथे मी अजिबात सूट देत नाही.

दिवाळीत हमखास होणारी दुसरी गोष्ट म्हणजे कॅल्गरी किंवा माँट्रियालहून येणारी ऑर्डर. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात खाद्यपदार्थ विकायला पाठवला की विषय केंद्राकडे जातो. २०१९ पासून लागू झालेल्या सेफ फूड फॉर कॅनेडियन्स नियमांखाली त्याला साधारणपणे परवाना लागतो. धंदा छोटा असेल तर अन्नसुरक्षेच्या लेखी आराखड्याच्या अटीत सवलत मिळते, परवान्यात नाही. तो परवाना मिळेपर्यंत ऑर्डरी ऑन्टॅरिओतल्याच घ्या.

तिसरी गोष्ट जागेची. तुम्ही भाडेकरू आहात, तेही बेसमेंटमध्ये. घरातून व्यवसाय करण्याबद्दल शहराचे स्वतःचे नियम असतात, ते शहराच्या कार्यालयात विचारा. कराराचा कागद काढून त्यात व्यवसायाबद्दल काही लिहिलंय का ते बघा. घरमालकाची लेखी संमती घ्या, तोंडी नको. चार तास तळणी चालली की वास वरच्या मजल्यावर जातोच, आणि संमती असली तरी त्यावरून कुरबुर होते. म्हणून बोलतानाच कुठल्या दिवशी, किती वेळ, एक्झॉस्ट कसा, हे सांगून टाका. भाडेकरूचा किंवा घराचा विमा व्यवसायाला सहसा धरत नाही. व्यवसायासाठी वेगळा दायित्व विमा घ्यावा लागेल. तो घेताना ‘घरून तळलेले पदार्थ’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे करतात.

या तिन्हींची उत्तरं आली की मग नावाकडे या.

स्वतःच्या नावाने व्यवसाय केलात, म्हणजे अगदी कागदोपत्री नाव आहे तेच, तर नोंदणी लागतच नाही. त्याला एक शब्द जरी जोडला, ‘कुलकर्णी फूड्स’ किंवा ‘स्मिताज किचन’ असं काही, की नोंदणी आली. ‘अन्नपूर्णा होम किचन’ला ती लागणारच. बिझनेस नेम्स अॅक्ट मोडला तर माणसाला २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर नोंदणी नसताना त्या व्यवसायाबद्दल, न्यायालयाच्या परवानगीशिवाय, दावाही चालवता येत नाही. प्रत्यक्षात मात्र नोंदणीची पहिली गरज पडते बँकेत, व्यवसायाच्या नावाने खातं उघडताना. बँकेतली माणसं त्या कागदाला अजूनही ‘मास्टर बिझनेस लायसन्स’ म्हणतात, त्यामुळे आपल्याकडे ते नाही असं वाटून गोंधळू नका.

नाव नोंदवलं म्हणजे ते तुमच्या मालकीचं झालं असं नाही. तेच नाव दुसरं कोणीही नोंदवू शकतं, प्रांत अडवत नाही. आणि अन्नपूर्णा हे नाव तर आपल्या लोकांना फारच आवडतं. आधी रजिस्ट्रीत शोधा, मग गूगल मॅप्सवर, इन्स्टाग्रामवर, आणि केंद्राच्या ट्रेडमार्क नोंदीत. स्पेलिंगं बदलून बदलून शोधा, ‘यू’ की दोन ‘ओ’, शेवटी ‘ए’ आहे की नाही. आधीपासून व्यवसाय करणाऱ्याचं नाव तुमच्या नावाशी गोंधळ होण्याइतकं जुळत असेल तर तो तुम्हाला नुकसानभरपाईसाठी कोर्टात खेचू शकतो, तुमची नोंदणी असली तरीही. मी तुमच्या जागी असते तर दुसरं नाव शोधलं असतं, ज्यात तुमच्या गावाचं किंवा आजीचं काहीतरी येईल.

फॉर्म भरताना तीन-चार ठिकाणी लोक अडतात. स्वतःचं नाव पासपोर्ट आणि परमिटवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं, कुठे माहेरचं आडनाव, कुठे सासरचं. बँकेत दोन कागद जुळले नाहीत की खातं अडकतं. नावात ‘इंक’ किंवा ‘लिमिटेड’ घालू नका, ते कंपन्यांसाठी आहे. व्यवसायाचा प्रकार विचारतात आणि त्याचा एक कोड निवडावा लागतो, तिथे खरोखर करताय तेच निवडा. तुम्ही दिलेला पत्ता सार्वजनिक नोंदीत जातो, हे लक्षात असू द्या. आणि ईमेल असा द्या की जो ५ वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळीही तुमच्याकडे असेल. सगळी पत्रं आणि पुढे बदल करायला लागणारी ‘कंपनी की’ त्यावरच येते. गूगलवर शोधलंत तर सरकारी वाटणाऱ्या खासगी वेबसाइट आधी दिसतात, त्या सरकारी शुल्काच्या वर स्वतःचे पैसे लावतात. ऑन्टॅरिओ सरकारच्या साइटवरूनच आत जा.

नोंदणी झाली की तुम्हाला प्रांताचा ओळख क्रमांक मिळतो. केंद्राच्या महसूल खात्याचा, म्हणजे सीआरएचा, ९ आकडी बिझनेस नंबरही असतो. दोन्ही वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरा लिहिला की फॉर्म परत येतो.

आता एचएसटी. सलग चार तिमाहींची मिळून विक्री ३०,००० डॉलरच्या आत असेल तर नंबर घेणं सक्तीचं नाही. हा आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नाही. आणि ज्यावर शून्य टक्के कर लागतो तो किराणासुद्धा त्यात मोजला जातो. चार तिमाहींत मिळून मर्यादा ओलांडली तर थोडी मुदत मिळते, पण एकाच तिमाहीत ओलांडली तर ज्या विक्रीने ओलांडली तिथपासूनच कर लावावा लागतो. फराळाचा धंदा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये एकवटलेला असतो, म्हणून त्या तीन महिन्यांत दर आठवड्याला बेरीज करा. घरगुती स्वयंपाकघरातून सुरुवातीला तिथवर जाणं अवघडच, तरी सवय हवी.

लगेच नंबर घ्यावा का? तुमच्या बाबतीत मी घेणार नाही. नंबर घेतला की चिवडा-शेवेसारख्या खाऱ्या पदार्थांवर १३ टक्के लावावे लागतात, भाजणीच्या पिठासारख्या किराण्यावर नाही. म्हणजे प्रत्येक पदार्थ कुठल्या बाजूला पडतो हे बघत बसायचं, विवरणपत्र वेगळं, आणि गिऱ्हाईक बहुतेक घरगुती, त्यांना ते १३ टक्के परत मिळत नाहीत. बदल्यात तुम्हाला परत मिळणारा कर किती, तर डबे, स्टिकर आणि एखाद्या यंत्रावरचा. डाळ-तांदळावर मुळात करच नाही. व्यावसायिक स्वयंपाकघराचं भाडं आणि मोठी खरेदी सुरू झाली की गणित बदलतं, तेव्हा परत बघू. नंबर नसताना मात्र बिलावर एचएसटी लावायचा नाही, एक सेंटही नाही.

कंपनीबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्हाला आज ती नको. ऑन्टॅरिओची कंपनी ऑनलाइन काढायला ३०० डॉलर लागतात, शिवाय नावासाठी न्यूआन्स अहवालाचा (तसं नाव आधी कोणाचं आहे का हे दाखवणाऱ्या) खर्च वेगळा, आणि दरवर्षी कंपनीचं स्वतंत्र कर विवरणपत्र, विक्री असो वा नसो. दुकानांना माल द्यायला लागलात, जागा भाड्याने घेतली, किंवा घरखर्च भागून पैसे व्यवसायात राहू लागले की तो विचार करा. तोवर तुमचं संरक्षण चांगल्या विम्यात आहे. मदतीला पगारी बाई ठेवणार असाल तर त्याआधी मला किंवा तुमच्या हिशेबनिसाला विचारा, कारण पहिला माणूस ठेवल्यापासून १० दिवसांत डब्ल्यूएसआयबीकडे, म्हणजे कामावरच्या अपघातांचा विमा बघणाऱ्या प्रांताच्या मंडळाकडे, नोंद करावी लागते आणि पगारातल्या कपातीसाठी सीआरएचं खातंही लागतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण गेल्या दिवाळीचे पैसे. नोंदणी नव्हती म्हणून ते उत्पन्न नव्हतं असं होत नाही. ती विक्री आणि तिचा खर्च तुमच्या वैयक्तिक विवरणपत्राबरोबर टी-२१२५ फॉर्मवर दाखवायचा. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांना फॉर्म भरायला १५ जूनपर्यंत मुदत असते, पण कर देणं लागत असेल तर तो ३० एप्रिललाच भरायचा, नाहीतर व्याज सुरू होतं. शिवाय सीपीपीचे, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचे, दोन्ही हिस्से, नोकराचा आणि मालकाचा, तुम्हालाच भरावे लागतात. २०२५ साठी ते निव्वळ उत्पन्नातले पहिले ३,५०० डॉलर सोडून ११.९ टक्के आहेत. नवीन लोकांना आयकरापेक्षा याचाच धक्का बसतो, म्हणून प्रत्येक ऑर्डरमधून काही रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जा. किराण्याच्या पावत्या ६ वर्षं जपायच्या आणि घरच्या सामानाचं बिल वेगळं करून घ्यायचं. काउंटरवर दोन ढीग करायला कोणी नाही म्हणत नाही.

आत्ता या आठवड्यात करायचं एवढंच: पदार्थांची यादी एका ओळीत एक अशी लिहून पील पब्लिक हेल्थला पाठवा आणि घरमालकाशी बोला. श्रीखंड त्या यादीत घालू नका. पुरणपोळी मात्र घाला, आणि सारण कसं शिजवता, किती आटवता, पोळ्या किती तासांत पोचवता, हे तिच्या ओळीत लिहा. त्यांचं उत्तर आलं की त्यातला नेमका मजकूर इथे टाका. कोणते पदार्थ घरून आणि कोणते बाहेरून हे त्यावरून लावून देते, मग तुमचा रजिस्ट्रीचा फॉर्म आपण एकेक रकाना बघत भरू.